पावसाळ्यात पडवीतल्या रंगीत पानांचा रंग उतरतो तेव्हा

मृग नक्षत्र लागून महिना उलटला की आमच्या पडवीत दरवर्षी तोच प्रकार सुरू होतो. मे महिन्यात अंगणातल्या मांडवाखाली लाल-पिवळे दिसणारे क्रोटन मळकट हिरवे होऊ लागते, कोलियसची खोडे बारीक होऊन दाराकडे झुकतात, लाल ॲग्लोनेमाचे नवे पान फिकट आणि लांब देठाचे येते आणि कुंडीतल्या मातीवर चिलटे घोंगावू लागतात. गणपतीला घरी आलेली माणसे "झाड बदललेत का?" असे विचारतात. किनाऱ्यालगतच्या गावांतून हीच तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते आणि तिच्यावर बहुतेक घरांत एकच उपाय होतो, तो म्हणजे खत घालणे. हा उपाय चुकीचा आहे, आणि मी स्वतः तो लागोपाठ तीन पावसाळे केलेला असल्यामुळे तो कसा चुकतो हे मला नीट सांगता येईल.

रंग उतरण्याचे मूळ कारण उजेडाची कमतरता हे आहे, आणि कोकणात ही कमतरता हळूहळू येत नाही, एका आठवड्यात येते. दिवाळीनंतर अंगणात घातलेला झावळ्यांचा मांडव उन्हाळाभर या झाडांना उत्तम मानवतो, कारण झावळ्यांच्या फटींतून चाळून आलेला उजेड दिवसभर मिळत राहतो. पावसाच्या तोंडावर मांडव उतरवला जातो, कुंड्या पडवीत येतात आणि त्याच सुमारास झड आत येऊ नये म्हणून पडवीला झापे किंवा निळी ताडपत्री बांधली जाते. बाहेर आभाळ भरून आलेले, वर कौलारू छपराची खाली झुकलेली वळचण, समोर ताडपत्री आणि घराभोवती फणसाची व पोफळींची दाट सावली, अशा चार पडद्यांमागे ते झाड जाऊन बसते. आपण मात्र "कुंडी तर पडवीतच आहे, आत माजघरात थोडीच ठेवली आहे" असे म्हणत राहतो.

आपल्या डोळ्यांवर या बाबतीत विश्वास ठेवता येत नाही. अंधार वाढला की बाहुली मोठी होते आणि खोलीतला उजेड आपल्याला पुरेसा वाटू लागतो; झाडाकडे अशी सोय नाही. मोजमापात सांगायचे तर निरभ्र आकाशाखाली भर दुपारी सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो, तर ढगाळ दिवशी उघड्यावर तो बहुधा १०,००० ते २०,००० लक्स असतो आणि आभाळ काळेकुट्ट झाले की त्याहूनही पुष्कळ खाली जातो. ताडपत्रीमागच्या आमच्या पडवीत जुलैतल्या दुपारी मोबाइलवरच्या उजेडमापकाने दोन-तीनशेच्या वरचा आकडा क्वचितच दाखवला आहे. हे मापक अचूक नसते, परंतु दोन जागांची तुलना करायला ते पुरते. मोबाइलचा पडदा उजेडाच्या दिशेला करून तो झाडाच्या पानाजवळ धरावा आणि सकाळी, दुपारी व चारच्या सुमारास अशा तीन नोंदी घ्याव्यात. मोबाइल नको असेल तर पांढऱ्या कागदापासून एक वीत उंचीवर हात धरून पाहावे. सावलीची कड रेखीव दिसली तर उजेड भरपूर आहे, पुसट दिसली तर मध्यम आहे आणि सावलीच पडली नाही तर त्या जागी लाल पान लालच राहील अशी आशा धरू नये.

"रंगीत पानांच्या झाडांना सावली चालते" हे वाक्य रोपवाटिकेत हमखास ऐकायला मिळते आणि ते खोटे नाही. फक्त तिथली सावली आणि आपल्या घरातली सावली या वेगळ्या गोष्टी आहेत. पाऊण उन्ह अडवणाऱ्या हिरव्या जाळीखालीसुद्धा भर दुपारी जवळजवळ २५,००० लक्स उजेड पोहोचतो. तिथून आणलेले झाड दोनशे लक्समध्ये ठेवणे म्हणजे त्याला शंभरातला एक घास वाढण्यासारखे आहे. क्रोटन तर जागा बदलल्याच्या नुसत्या धक्क्यानेही खालची पाने टाकते. एका रोपवाटिकेतून ऐन आषाढात आणलेले माझे क्रोटन पंधरा दिवसांत शेंड्याच्या पाच-सहा पानांवर आले होते, आणि मी ते मेले असे समजून जवळजवळ टाकून देणार होतो. खोडावर नखाने किंचित खरवडून पाहिल्यावर साल खाली हिरवी दिसली, म्हणून ते वाचले.

रंग तीन प्रकारचे असतात

या तक्रारीवर सरसकट उपाय लागू पडत नाही, कारण पानातला रंग एकाच कारणाने आलेला नसतो आणि प्रत्येक प्रकारचा रंग मंद उजेडात वेगळा वागतो.

पहिला प्रकार रंगद्रव्याचा. कोलियस, कॉर्डिलाइन, लाल ॲग्लोनेमा आणि क्रोटनचा लाल-जांभळा भाग यांत ॲन्थोसायनिन नावाचे रंगद्रव्य असते. ते तयार करायला झाडाला उजेड आणि उजेडातून बनलेली साखर दोन्ही लागतात. उजेड घटला की झाड हा खर्च कमी करते, उलट मिळेल तेवढा उजेड टिपण्यासाठी हरितद्रव्य वाढवते. त्यामुळे पान हिरवे होते. म्हणजे झाड आजारी पडलेले नसते, त्याने परिस्थितीशी जुळवून घेतलेले असते. याच वेळी आपण नत्रयुक्त खत किंवा शेणाची स्लरी घातली तर हरितद्रव्याला अधिकच जोर मिळतो, फूट मऊ आणि लांबट येते आणि न वापरले गेलेले क्षार मातीत साठून मुळांना त्रास देतात. मी तीन वर्षे हेच करत होतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत पडवीतल्या कुंड्यांना कोणतेही खत घालू नये.

दुसरा प्रकार रंगाच्या अभावाचा. पांढऱ्या चट्ट्यांचा मनी प्लँट, पांढऱ्या कडेचे सिंगोनियम किंवा डिफनबेकिया यांच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसते, त्यामुळे तो भाग अन्न बनवत नाही आणि हिरव्या भागाच्या जिवावर जगतो. अशा वेलीला कधीकधी पूर्ण हिरवी फांदी फुटते, आणि ती बाकीच्यांपेक्षा जोमाने वाढून सगळी कुंडी व्यापते. इथे एक फरक ओळखायला हवा. उजेड कमी पडल्याने हिरवेपणा आला असेल तर तो कमी-अधिक प्रमाणात सर्व फांद्यांवर दिसतो. एकच फांदी ठळकपणे हिरवी झाली असेल तर ती मूळ हिरव्या स्वरूपाकडे परतलेली असते आणि उजेड वाढवूनही बहुधा बदलत नाही. ती फांदी शेवटच्या चट्टेदार पानाच्या पेराशी कापून टाकावी. दया दाखवून ठेवली तर दोन वर्षांत कुंडीत साधा हिरवा मनी प्लँट उरतो. तसा तो आमच्याकडे विहिरीजवळच्या आंब्यावर वीस फूट चढलेला आहेच.

तिसरा प्रकार रुपेरी चमकेचा. रेक्स बिगोनिया किंवा रुपेरी पट्ट्यांचे पिलिया यांत पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली हवेच्या बारीक पोकळ्या असतात, आणि त्यांवरून उजेड परावर्तित झाल्यामुळे पान चांदीसारखे दिसते. ही पानाची घडणच असल्यामुळे पडवी अंधारली म्हणून ती पुसली जात नाही. कॅलाथिया आणि मरांटा यांची नक्षीसुद्धा मंद उजेडात बऱ्यापैकी टिकते, कारण ही झाडे मुळात उष्ण कटिबंधातल्या दाट जंगलाच्या तळाशी वाढणारी आहेत. रेक्स बिगोनिया ईशान्य भारताच्या डोंगरांतला असल्याने त्याला आपली जुलैतली दमट हवा आवडते. ओली माती मात्र मुळीच आवडत नाही. पडवी खरोखरच अंधारी असेल आणि ताडपत्री काढणे शक्य नसेल, तर लाल रंगाचा हट्ट सोडून या गटाकडे वळणे शहाणपणाचे आहे.

क्रोटनविषयी एक खुलासा केला पाहिजे, कारण त्यावरून बरेच गैरसमज होतात. क्रोटनच्या पुष्कळ जातींत कोवळे पान हिरवे-पिवळेच येते आणि जून होताना त्यावर नारिंगी व लाल रंग चढतो. म्हणून शेंड्याचे पान हिरवे दिसले की लगेच घाबरू नये. वरून चौथे-पाचवे पान पाहावे. कॉर्डिलाइनमध्ये हे उलट असते. तिथे नवे पान सर्वांत भडक असते, त्यामुळे नवे पानच फिके आले तर उजेड कमी पडतो आहे असे समजावे.

हाच रोग आहे ना, याची खात्री

उजेडाच्या कमतरतेसारखी दिसणारी पण वेगळ्या उपायाची अशी काही लक्षणे आहेत, आणि पावसाळ्यात ती एकमेकांत मिसळतात. दोन पानांमधले पेर लांबलेले, देठ लांब, झाड एका बाजूला कललेले आणि नवी पाने लहान, अशी चिन्हे असतील तर दोष उजेडाचाच आहे. खालची पाने पिवळी पडून मऊ होत असतील आणि माती आठवडाभर ओलीच असेल, तर मुळे कुजत आहेत. इथे रंगाचा विचार बाजूला ठेवून आधी झाड वाचवावे लागते. ॲग्लोनेमा किंवा डिफनबेकियाचे खोड जमिनीलगत मऊ झाले आणि त्याला दुर्गंधी आली, तर ती जिवाणूंची कूज असते. अशा वेळी कुजका भाग धारदार सुरीने निरोगी भागापर्यंत कापावा, सुरी दर कापानंतर स्पिरिटने पुसावी, उरलेला शेंडा एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावा आणि मग नव्या कोरड्या मिश्रणात लावावा. कापताना हातात मोजे घालावेत. अळूची खाज ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको, कारण ॲग्लोनेमा, डिफनबेकिया आणि कॅलाडियम ही सगळी अळूच्याच कुळातली आहेत. क्रोटनचा चीकही अंगाला लागू देऊ नये.

पानांच्या कडा तपकिरी होऊन करपत असतील तर पाण्याकडे पाहावे. किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरींचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होते आणि तेच क्षार कुंडीत साठत जातात. पावसाळा सुरू होताना लक्षणे दिसतात म्हणून आपण पावसाला दोष देतो. अशा कुंडीत पागोळ्यांचे पाणी तीन-चार वेळा भरपूर ओतून तळाच्या भोकातून वाहू द्यावे. पहिल्या दोन-तीन सरींनी छप्पर धुतले गेल्यानंतरचे पागोळ्यांचे पाणी या झाडांसाठी सर्वांत चांगले असते, आणि ते फुकट मिळते.

सकाळी अळूवर्गीय झाडांच्या पानांच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबताना दिसतो, त्याला बरेच जण दव समजतात. ते मुळांनी ओढलेले जादा पाणी असते. हवा इतकी दमट असते की ते वाफ होऊन जाऊ शकत नाही. हा थेंब रोज दिसू लागला की त्या कुंडीला पाणी घालणे थांबवावे, असा माझा साधा नियम आहे. उजेड कमी आणि हवा ओली असेल तेव्हा झाड फार थोडे पाणी उचलते. मे महिन्यात दिवसाआड पाणी पिणारी कुंडी जुलैत दहा-बारा दिवस सहज काढते. माती वरून सुकलेली दिसणे हा पुरावा नव्हे. कुंडी उचलून पाहावी, हलकी लागली तरच पाणी घालावे. बहुतेक घरांत रंगीत झाडे रंग उतरल्याने मरत नाहीत, अंधारात उन्हाळ्याच्या मापाने पाणी घातल्याने मरतात. चिलटेही या ओल्या मातीमुळेच होतात. आठवडाभर पाणी तोडून मातीवर बोटभर जाडीचा वाळूचा थर दिला की त्यांची पैदास बहुतांशी थांबते. वाळू नदीची असावी, समुद्राची किंवा खाडीची नसावी, कारण तिच्यात मीठ असते.

उजेड कसा वाढवावा

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. झड ज्या दिशेने येते ती बाजू, म्हणजे आपल्याकडे बहुधा पश्चिम आणि नैर्ऋत्य, तेवढीच ताडपत्रीने बांधावी आणि उत्तर-पूर्वेची बाजू मोकळी ठेवावी. जिथे आडोसा लागणारच तिथे निळ्या ताडपत्रीऐवजी पारदर्शक जाड प्लॅस्टिक लावावे. आम्ही दोन वर्षांपूर्वी पडवीच्या अर्ध्या भागाला असे प्लॅस्टिक लावले आणि त्याच जागी मोबाइलवरचा आकडा तिप्पट-चौपट झाला. घर जुने असेल तर छपरातल्या काचेच्या कौलाकडेही पाहावे. त्याच्यावर काजळी आणि शेवाळ साचून ते वर्षागणिक आंधळे होत जाते. मे महिन्यात कौले चाळायला माणूस वर चढेलच, तेव्हा त्याच्याकडून ते आतून-बाहेरून पुसून घ्यावे. त्याच्या कवडशाखाली दोन-तीन कुंड्यांची जागा उत्तम होते.

परदेशी पुस्तकांत आणि चित्रफितींत दक्षिणेची खिडकी सर्वांत उजेडाची म्हणून सांगतात, ते आपल्याकडे पावसाळ्यात लागू पडत नाही. रत्नागिरी सुमारे १७ अक्षांशावर असल्यामुळे साधारण ८ मे ते ५ ऑगस्ट या काळात भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणून आषाढात उघडीप झाली तर उजेड उत्तरेच्या आणि पूर्वेच्या खिडकीत अधिक मिळतो. दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात कामाला येते, तेव्हा सूर्य दक्षिणेकडे झुकून उन्ह घरात खोलवर येते.

दुसरा उपाय पाळी लावण्याचा. घरात शोभेसाठी ठेवायच्या कुंड्या तिपटीने असाव्यात; एक गट आठवडाभर आत राहिला की तो उजेडाच्या जागी दोन आठवडे ठेवावा आणि त्याच्या जागी दुसरा आणावा. कोलियसची तर फांदीच पाण्यात ठेवली तरी आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात, म्हणून जुने लांबलेले झाड जपत बसण्यापेक्षा शेंडे खुडून नवी रोपे करणे सोपे. ॲग्लोनेमाला इतकी धावपळ मानवत नाही. त्याला एकच चांगली जागा शोधून द्यावी.

तिसरा उपाय दिव्याचा. खास "ग्रो लाइट" म्हणून विकला जाणारा जांभळा दिवा घेण्याची गरज नाही. २० वॅटची साधी पांढरी एलईडी पट्टी झाडाच्या शेंड्यापासून एक फूट वर लावली तर सुमारे दीड-दोन हजार लक्स उजेड मिळतो, आणि कॅलाथिया, ॲग्लोनेमा व बिगोनियाला तो पुरतो. पट्टी छताला लावून उपयोग नाही, कारण अंतर वाढले की उजेड झपाट्याने घटतो. रोज बारा तास लावली तर महिन्याला सात-सव्वासात युनिट वीज जळते. ऐन पावसाळ्यात वीज जाणे-येणे चालूच असते, त्यामुळे तास मोजत बसू नये; एखादा दिवस हुकला तरी झाड तक्रार करत नाही. क्रोटनला मात्र एवढ्या उजेडाने लाली येत नाही. त्याची जागा वळचणीच्या बाहेर, उघड्यावरच. तो आपला पाऊस उत्तम सोसतो, फक्त कुंडीचा तळ मोकळा हवा.

कुंडीतले मिश्रणही त्यासाठी सैल असावे. नुसती जांभ्याची लाल माती पावसात चिकट होऊन बसते. एक भाग माती, एक भाग जुने शेणखत, एक भाग नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे आणि अर्धा भाग भाताचे जळके तूस हे मिश्रण आमच्याकडे चांगले ठरले आहे. सोडणात मूळचे क्षार असतात, म्हणून ते पाणी बदलून दोन-तीनदा भिजवून घ्यावे. हे काम वैशाखात उरकावे. भर पावसात मुळे कुजली असतील तरच कुंडी बदलावी.

हे सगळे करूनही हिरवे झालेले जुने पान पुन्हा लाल होईलच असे नाही. सुधारणा नव्या पानांत दिसते, आणि ती कोलियसमध्ये दोन-तीन आठवड्यांत, तर ॲग्लोनेमामध्ये कित्येक महिन्यांनी दिसते. ऑक्टोबरमध्ये आभाळ उघडते तेव्हा घाईने कुंड्या अंगणात नेण्याचा मोह होतो, तो आवरावा. चार महिने अंधारात वाढलेले पान त्या उन्हात एका दुपारी करपते आणि पानाच्या मधोमध कागदासारखे पांढरट चट्टे पडतात. पहिला आठवडा फक्त सकाळी नऊपर्यंतचे उन्ह द्यावे, दुसऱ्या आठवड्यात एखादा तास वाढवावा, आणि नवा मांडव घालून झाला की कुंड्या त्याखाली न्याव्यात.

राहता राहिले कॅलाडियम, म्हणजे आपण ज्याला रंगीत अळू म्हणतो ते. त्याची पाने दिवाळीनंतर एकेक करून झोपली की अनेक जण उजेड कमी पडला असे समजून त्याला हलवत बसतात आणि पाणी वाढवतात. तो त्याचा विश्रांतीचा काळ असतो. पाणी बंद करावे, कुंडी जिन्याखाली कोरडी राहू द्यावी किंवा कंद काढून कोरड्या तुसात ठेवावेत, आणि वळवाचा पहिला पाऊस पडला की ते पुन्हा मातीत लावावेत.